नॉमिनी आणि मृत्युपत्र

मृत्युपत्राची गोष्ट काढली कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांतूनही “असें अभद्र बोलूं नये” म्हणून विषय मोडून काढण्यांत येतो. बँकेंतील ठेवीवर नॉमिनी म्हणून पत्नीचें नांव घातलें, म्हणजे तिची तरतूद झाली, अशी या मंडळींची दृढ समजूत! ती साफ चुकीची आहे. नॉमिनी हा रक्कम उचलण्यापुरता अधिकारी, मालकी वारसांची. समभागांच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं हेंच सांगितलें. आणि वारस कोण? १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें पुरुषाच्या स्वार्जित मिळकतींत पत्नी, मुलगे, मुली व आई यांस सारखे वांटे मिळतात. म्हणजे दोन मुलें व सासू हयात असल्यास, जिनें तीस वर्षें पोटाला चिमटा घेऊन नवऱ्याच्या नांवें घर उभें केलें, तिच्या वांट्यास त्या घराचा चौथा हिस्सा! हें टाळण्यास लागतें काय? साध्या कागदावरील मजकूर, स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. (ज्यांस त्यांतून कांहीं मिळावयाचें ते साक्षीदार नसलेले बरे.) मुद्रांक नको, नोंदणीही सक्तीची नाहीं. आणि अभद्राचें हें भय विम्याचा हप्ता भरतांना कोठें जातें?