चालणारा हंसराज

बालमित्रांनो,

मे महिन्यात आपल्या अकोल्याचा पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. आता सांगा पाहू, ज्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही आणि ओलाव्याशिवाय ज्याचं मुळीच चालत नाही, अशी वनस्पती आपल्या वऱ्हाडात टिकेल का?

टिकते, बरं का! तिचं नाव हंसराज.

हंसराज हा एक नेचा आहे. पावसाळ्यात मेळघाटात, चिखलदऱ्याच्या बाजूला गेलात, तर सावलीतल्या ओल्या दरडीवर नीट पाहा. तारेसारखी बारीक, काळी चकचकीत काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या चंद्रासारखी छोटी छोटी पानं. कुणाला ती घोड्याच्या खुरासारखी वाटली, म्हणून याचं दुसरं नाव पडलं घोडखुरी. आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंत उष्ण प्रदेशांत हा सगळीकडे आढळतो. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याच्या शास्त्रीय नावात फिलिपिन्सचंच नाव गुंफलं.

पान उलटं केलं की कडेला तपकिरी रेघ दिसते. ती कीड नव्हे! तिथे बीजाणू तयार होतात. धुळीसारखे बारीक बीजाणू वाऱ्यावर उडतात आणि ओल्या जागी रुजतात. पण त्यातून लगेच नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा हिरवा पापुद्रा तयार होतो. नेच्यांची नरपेशी पाण्यातून पोहत मादीपेशीकडे जाते. पाणी नसेल, तर भेटच नाही!

मग पाऊस रुसला तर? हंसराजाकडे दुसरी युक्ती आहे. त्याच्या पानाची लांब काडी वाकते, शेंडा मातीला टेकतो आणि तिथेच मुळं फुटून नवं रोप तयार होतं. त्या रोपाचं पान पुन्हा पुढे टेकतं. असा तो एकेक पाऊल टाकत चालतो.

पाऊस सरला की पानं वाळून जातात. आपल्याला वाटतं, मेला बिचारा! पण मातीखाली त्याचं छोटंसं खोड जिवंत असतं. सारा उन्हाळा ते झोपून काढतं आणि पहिल्या पावसांनंतर कोवळी पानं गोल गुंडाळीतून उलगडू लागतात.

म्हणजे हंसराजाचा जीव आहे त्या खोडात. सहलीला गेल्यावर 'किती छान!' म्हणत तो मुळासकट उपटला, तर पुढच्या आषाढात ती दरड उघडीच राहील. आणि अकोल्याच्या कोरड्या हवेत घरच्या कुंडीतही त्याची पानं लवकर करपतात. आईबाबांनाही हे सांगा हं. जंगलातलं रोप जंगलातच शोभतं.

या आठवड्याचा उद्योग : रोपवाटिकेतल्या एखाद्या नेच्याचं, मागे तपकिरी ठिपके किंवा रेघा असलेलं एक पान मागून आणा. पांढऱ्या कागदावर ते उलटं न करता ठेवा, वर पुस्तक ठेवा आणि दोन दिवसांनी उचला. कागदावर काय दिसलं, ते वहीत लिहून ठेवा.

तुमच्या बाई