कल्ला न दाखवता विकलेला लाउंज

बँकेच्या कार्डावर मिळणाऱ्या विमानतळावरच्या लाउंजबद्दल तक्रार केली की उत्तर ठरलेले असते : फुकटच होते ना, मग कुरकुर कशाला? या ‘फुकट’ शब्दाबद्दलच मला भांडायचे आहे.

लेकीकडे टोरांटोला जाताना आखातातल्या एका विमानतळावर आमचा पाच तासांचा थांबा होता. रात्रीचे अडीच. लाउंजच्या दाराबाहेर पंचवीसएक माणसे हातात कार्ड धरून उभी, त्यात अर्धी आपल्याकडचीच. चाळीस मिनिटांनी आत सोडले, तर दोघांना शेजारी जागा नाही. यजमान उष्ट्या बशांच्या ढिगाजवळ, मी स्वच्छतागृहाच्या दाराशी. अंघोळीची सोय ‘बंद’. चहा म्हणजे कोमट पाणी आणि दोऱ्याची पुडी. शाकाहारी काय आहे हे सांगायला माणूस सापडेना, म्हणून पाव आणि काकडी. (पिशवीतल्या दशम्या सुरक्षा तपासणीतून सुखरूप सुटल्या होत्या, त्यांनीच निभावून नेले.)

हे सगळे मी विसरलेही असते. पण परत आल्यावर कार्डाचे बिल आले. यजमानांच्या प्रवेशाचे २७ डॉलर आणि वर कर, म्हणजे २,७०० रुपयांहून जास्त. त्यांचे कार्ड माझ्या कार्डाला जोडलेले ‘ॲड-ऑन’, आणि परदेशातल्या लाउंजमध्ये ॲड-ऑनवाला पाहुणा धरतात, असे बँकेच्या ग्राहक सेवेने सांगितले. नियमावलीत लिहिले आहे म्हणे. दारावर दोन्ही कार्डे घासली, यंत्रावर सही घेतली, पैसे पडतील असे कोणी बोलले नाही. या कार्डाचे वर्षाला ५,००० रुपये आणि त्यावर जीएसटी मी भरते. हे फुकट कसे?

आमच्या वर्सोव्याच्या बाजारात मावशी पापलेटचा कल्ला उघडून दाखवते, भाव सांगते, मग पैसे घेते. पटत नसेल तर पुढे चालू लागायची मुभा असते. बँक मात्र आधी पैसे घेते आणि कल्ला बिलात दाखवते.

लाउंज मुळात असा नव्हता. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर पहिला काढला, तो मोजक्या निमंत्रितांसाठी. १९९२ मध्ये प्रायॉरिटी पास हे लाउंजचे सदस्यत्व आले आणि कुठल्याही विमान कंपनीच्या प्रवाशाला दार उघडले. पुढे आपल्या बँकांनी कार्ड खपवायला हेच आमिष वापरले. कार्डे वाढली, खुर्च्या तेवढ्याच राहिल्या. मग बँकांनी अटी घातल्या. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ रोजी बऱ्याच कार्डांवर अट लागू केली होती : आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्च केले असतील तरच देशातल्या लाउंजमध्ये प्रवेश. (माझे कार्ड या बँकेचे नव्हे.) म्हणजे फुकट चहासाठी आधी पस्तीस हजारांची खरेदी!

शिवाय बँक आणि लाउंज यांच्यामध्ये एक दलाल कंपनी असते. सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रीमफोक्स या अशाच कंपनीची सेवा एकाएकी थांबली आणि देशातल्या अनेक विमानतळांवर कार्ड असूनही प्रवासी दाराबाहेर राहिले. माझ्या प्रकरणातही लाउंजवाले बँकेकडे बोट दाखवतात आणि बँक दलालाकडे. मी लाउंजवाल्यांना ओळखत नाही, दलालालाही नाही. मला कार्ड बँकेने विकले, तेव्हा जबाब बँकेनेच द्यायला हवा.

गर्दी कमी करा असे मी म्हणत नाही, ते बँकेच्या हातात नाही. पैसे पडणार असतील तर कार्ड घासताच रकमेचा मेसेज यावा आणि मी होकार दिल्यावरच ते कापावेत, एवढे मात्र तिच्या हातात आहे. दीडशे रुपयांच्या ऑनलाइन खरेदीला ओटीपी मागणाऱ्यांना सत्तावीस डॉलरना तो मागायला काय हरकत आहे? आणि जागा नाही म्हणून दारातून परत पाठवले, तर ती फेरी मोफत प्रवेशांच्या कोट्यातून वजा होऊ नये.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते आणि उत्तर आले नाही तर ३० दिवस थांबावे लागते. माझे ३० दिवस येत्या गुरुवारी संपतात. अर्ज भरून ठेवला आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, यारी रोड, वर्सोवा