काळ्या तारेची हेळसांड

तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, आणि त्याचा गोंदिया जिल्ह्याला सार्थ अभिमान वाटतो. परंतु त्याच जिल्ह्यात नवे घर बांधणारा गृहस्थ फरशीचा रंग आठवडाभर निरखतो आणि मीटरशेजारच्या बोर्डाचे झाकण मात्र एकदाही उघडून पाहत नाही, ही मला चिंतेची बाब वाटते. फेजच्या तारेचे भय सर्वांनाच असते. न्यूट्रलची काळी तार मात्र निरुपद्रवी समजली जाते, आणि अनर्थाचे मूळ या समजुतीतच आहे.

वस्तुतः फेजमधून येणारा सर्व प्रवाह न्यूट्रलवाटेच डीपीकडे, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडे, परततो. ही परतीची वाट डीपीपाशीच तुटली, तर तीन फेजांवर वाटली गेलेली शेजारची घरे परस्परांशी अशी जोडली जातात की, जिथे भार अधिक तिथे दाब घटतो आणि जिथे एखादाच दिवा व दूरदर्शनसंच चालू असेल तिथे २३० व्होल्टांच्या जागी तो चारशेच्या जवळ जाऊन उपकरणे जळतात. दोष मात्र ‘व्होल्टेज वाढले’ एवढे म्हणून अदृष्टावर ढकलला जातो. पावसाळ्यापूर्वीच्या वादळवाऱ्यात तारा ताणल्या जातात, जोड सैल होतात; म्हणून डीपीवरील न्यूट्रलच्या जोडाची तपासणी मृगापूर्वी करून घेण्याचा आग्रह ग्रामपंचायतींनी वीज कंपनीकडे धरला पाहिजे.

घरातला दोष याहून फसवा असतो. जुन्या बोर्डांवर फेजप्रमाणे न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज बसवलेला आढळतो. तो उडाला की दिवे विझतात, माणूस वीज गेली असे समजून पंख्याच्या जोडणीला हात घालतो, आणि तिथे फेज जिवंत असते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी न्यूट्रलमध्ये असा स्वतंत्र फ्यूज वा स्विच घालण्यास स्पष्ट मनाई केली होती, फेजसह एकाच वेळी तुटणारा जोडस्विच तेवढा मान्य केला होता. तरीही ही चाल पुरती सुटलेली नाही. त्याहून घातक प्रघात म्हणजे न्यूट्रल तुटल्यावर अर्थिंगच्या सळईवरून काम भागवणे: उन्हाळ्यात माती सुकली की तिचा रोध वाढतो, आणि सळईभोवतीची जागा, अर्थिंगला जोडलेले फ्रीज वा कूलरचे पत्रे मुलाबाळांच्या हाती विजेचा झटका देतात.

म्हणून वायरमनला मजुरी चुकती करण्यापूर्वी घरधन्याने बोर्ड उघडवावा, प्रत्येक सर्किटची काळी तार न्यूट्रल पट्टीवर स्वतंत्र स्क्रूखाली घट्ट आहे ना, अर्थिंगची हिरवी तार तिच्यात मिसळलेली नाही ना, आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी बसवली असल्यास तिच्यापुढची न्यूट्रल दुसऱ्या सर्किटला दिलेली नाही ना, हे स्वतः पाहावे. नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यावर सही करणाऱ्याने हा बोर्ड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कागद स्वीकारला जाऊ नये.