पेटीतला वाद्यवृंद

तुळशीचे लग्न लागले की गोमंतकात जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवळाच्या प्रांगणात मंडप उभा राहतो, पालखी फिरून येते आणि खाज्यांच्या दुकानांमधून वाट काढीत माणसे रंगमंचासमोर येऊन बसतात. नाटक, भजन, नाट्यसंगीताची बैठक किंवा गावच्या तरुणांचा वाद्यवृंद, जे असेल ते मनापासून ऐकावयाचे, हा आपला जुना शिरस्ता आहे. अलीकडे मात्र त्या रंगमंचाच्या कडेला एक नवी वस्तू दिसू लागली आहे. प्रवासी बॅगेएवढी काळी पेटी, तिच्यावर उघडलेला लॅपटॉप आणि पाठीमागून निघालेल्या दहा-बारा तारा. पूर्वी ज्या कामाला टेंपोभर सामान लागे, ते काम ही पेटी करते. आपल्याकडे पेटी म्हटले की हार्मोनियमच डोळ्यांसमोर येते. ही दुसरी पेटी आपल्या संगीताचे काय करणार, याचा विचार वेळीच झालेला बरा.

प्रारंभीच सांगतो की, आम्ही या पेटीचे स्वागत करतो. जत्रेतील कार्यक्रमाचे यश आजवर गायक-वादकांच्या तयारीइतकेच माईकवाल्याच्या मर्जीवर अवलंबून असे. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पेटीचे सूर तबल्याखाली गाडले जातात आणि ऐन आलापीत कर्णा शीळ घालतो, हा अनुभव कोणत्या रसिकाला नाही? वर्षभर रियाज करणाऱ्या कलावंताने शेवटच्या घटकेला आपला आवाज परक्याच्या हाती द्यावा, ही व्यवस्थाच मुळात उफराटी होती. आता एखाद्या चांगल्या मोटारसायकलीच्या किमतीच्या आसपास गावचे मंडळ आपली स्वतःची ध्वनियोजना उभी करू शकते आणि तालमीत बसवलेला आवाजाचा तोल जसाच्या तसा जत्रेत घेऊन येऊ शकते.

या पेटीत असते तरी काय? एकोणीस इंची चौकटीचा लहान खोका, त्यात टॅब्लेटवरून चालणारा मिक्सर, माईकचा आवाज अंकांत बदलून संगणकाला देणारा ऑडिओ इंटरफेस, विजेचा चढउतार सोसणारी बॅटरी आणि सर्व तारांसाठी मागच्या बाजूस पक्की बसवलेली जोडपट्टी. मिक्सर टॅब्लेटवर चालत असल्यामुळे तो चालविणारा श्रोत्यांमध्ये बसून, श्रोत्यांच्याच कानांनी ऐकून आवाज लावू शकतो. लॅपटॉपवर प्रत्येक गाण्याची मांडणी आधीच साठवलेली असते. पायाने कळ दाबली की कीबोर्डवर ऑर्गनच्या जागी सतार येते. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये आणि यंत्रे एकमेकांशी बोलू शकतील अशी ‘मिडी’ ही सामाईक भाषा १९८३ साली अस्तित्वात आली. ही सारी सोय तिच्या पायावर उभी आहे.

तथापि विकत आणली आणि जोडली की वाजली, अशी ही वस्तू नव्हे. संगणक आवाज घेतो, त्यावर काम करतो आणि परत देतो, यात काही काळ जातो. सेकंदाला ४८ हजार नमुने या गतीने, १२८ नमुन्यांचा एकेक घास घेऊन काम चालले, तर आवाज आत शिरून बाहेर पडावयास सुमारे सात-आठ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून नऊ फूट जातो. म्हणजे वादक गायकापासून नऊ फुटांवर बसल्यासारखे होते, आणि ते चालते. पण घास १०२४ नमुन्यांचा ठेवला, तर तेच अंतर पन्नास फुटांच्या घरात जाते आणि लय हातातून निसटते. खाप्रुमाम पर्वतकरांचा वारसा सांगणाऱ्या गोमंतकात लयीची ही आबाळ कोण खपवून घेईल? म्हणून जत्रेपूर्वी संगणकातील सारी इतर कामे बंद करून, याच मांडणीवर किमान आठ-दहा तालमी झाल्या पाहिजेत.

दुसरी खबरदारी विजेची. जनरेटर चालू-बंद होताना दिव्यांची उघडझाप होते आणि संगणक अशा वेळी मान टाकतो. संगणक बंद पडला तरी माईक बंद पडता कामा नये, हा या विद्येतील पहिला नियम समजावा. गायक, तबला आणि पेटी यांचे माईक थेट मिक्सरला जोडावेत. संगणकाने आपले सूर त्या मिक्सरमध्ये एक पाहुणा म्हणून आणून सोडावेत, म्हणजे पाहुणा उठून गेला तरी घर चालू राहील. जनरेटरचे अर्थिंग नीट नसेल तर कर्ण्यांतून सतत गुणगुण येते आणि माईकला हात लावणाऱ्याच्या जिवालाही धोका संभवतो. तिथे काटकसर नको.

या पेटीचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर खुल्या जागेत ध्वनिवर्धक वाजविता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते, पण वर्षातून फार तर पंधरा दिवस. पहाटेपर्यंत चालणाऱ्या आपल्या जत्रेतील नाटकांना हा घाव वर्मी लागला. नियमाविरुद्ध बोटे मोडून आपण पुष्कळ वर्षे घालविली. परंतु गावातील आजारी माणूस, तान्हे मूल आणि परीक्षेला बसलेला विद्यार्थी यांनाही झोपेचा हक्क आहे, हे मान्य केले पाहिजे. मंचावरील कलावंतांनी स्वतःचा आवाज कर्ण्याऐवजी कानातील इयरफोनवर ऐकला, तर मंचावरचा गोंगाट कमी होतो. दोन प्रचंड कर्ण्यांऐवजी मंडपात लहान लहान कर्णे लावले आणि मिक्सरने मागच्या कर्ण्यांचा आवाज हिशोबाने उशिरा सोडला, म्हणजे सतरा मीटरवरील कर्ण्यासाठी एका सेकंदाचा विसावा भाग, तर शेवटच्या रांगेतही शब्द स्वच्छ पोचतो आणि वाड्यावरची झोप मोडत नाही. यामुळे १० नंतर परवानगी मिळेल असे नव्हे. पण आपला आवाज आवरणे आपल्याला जमते, हे दाखविल्याखेरीज सवलतीचे दिवस मागण्याचे नैतिक बळ आपल्याला कोठून येणार?

आता काळजीची बाजू. याच पेटीत तबला, व्हायोलिन, बासरी, इतकेच काय, सगळा वाद्यवृंद आधीच मुद्रित करून ठेवता येतो. मग मंचावर एक गायक उभा राहतो आणि साजिंदे घरी बसतात. देवस्थान समितीची बिदागी वाचते आणि श्रोत्यांना फरक कळत नाही, असे समजले जाते. यंत्राला नाके मुरडण्याची आमची भूमिका नाही. परदेशातून आलेल्या हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० साली बंदी केली आणि ती शिथिल व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात पेटीवाले थांबले नाहीत आणि मराठी संगीताने पेटीला आपले मानले. परंतु पेटीला बोटे लागत होती, भात्याला हात लागत होता. गायकाने ऐन वेळी जागा लांबवली तर पेटीवाला त्याच्याबरोबर थांबत होता. मुद्रित साथ कोणासाठी थांबत नाही. तिथे गायकालाच यंत्राच्या मागून धावावे लागते.

हा धोका काल्पनिक नाही, आणि त्याची झळ आपल्याच माणसांना लागलेली आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील भव्य वाद्यवृंदांमध्ये व्हायोलिन आणि ट्रंपेट वाजविणारे कितीतरी वादक गोमंतकीय होते. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच. त्यांचे नाव १९७७ साली एका चित्रपटगीतातून देशभर पोचले. पुढे सिंथेसायझर आले, संगणकावर ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि शंभर वादकांचे काम दोन-चार माणसे करू लागली. त्या वादकांचा हात बिघडला नव्हता. त्यांना बोलावणारे उरले नव्हते. मुंबईत जे घडले ते उद्या आपल्या देवळाच्या मंडपात घडू द्यावयाचे काय?

घुमटाचेच पाहा. घोरपडीच्या कातड्याला वन्यजीव कायद्याने मनाई आहे, म्हणून बोकडाचे कातडे आले. २०१९ साली राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. आता घुमटाचे बोल संगणकात भरून प्लॅस्टिकच्या पॅडवर वाजविता येतात. पण हीच पेटी घुमट-आरतीच्या जुन्या वादकांसमोर ठेवली, तर आठ माईकांवरील तीन तासांचे वादन, प्रत्येक वाद्य स्वतंत्र, सुमारे १३ गिगाबाइटांत साठविता येते. कोणता बोल कोणत्या हाताने निघाला, हे पुढच्या पिढीला त्यावरून सुटे सुटे ऐकून शिकता येईल. यंत्र तेच आहे. ते वादकाची जागा घेणार की वादकाची विद्या राखणार, हे त्याला पैसे मोजणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे.

म्हणून आमचे सांगणे प्रथम देवस्थान समित्या आणि उत्सव मंडळे यांना आहे. कार्यक्रम ठरविताना बिदागीबरोबर मंचावर किती वादक बसणार, हेही विचारावे. मुद्रित साथ वापरावयाची असेल तर तसे कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट छापावे. श्रोत्यांपासून ते लपवू नये. कला अकादमी आणि रवींद्र भवने यांनी तालुक्यातालुक्यांत ध्वनियोजनेचे छोटे वर्ग भरवावेत आणि भजनी व नाट्यमंडळांतील एकेका तरुणाला ही विद्या शिकवावी. गाता न येणारा पण कान तयार असलेला एक तरी मुलगा प्रत्येक गावात असतो. त्याला त्याचे काम मिळेल.

जत्रेला आलेला माणूस देवासमोर माणसांनी केलेली सेवा ऐकावयास येतो. काळी पेटी त्या सेवेचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेत असेल, तर तिला मंचाच्या कडेला मानाची जागा अवश्य द्यावी. मंचाच्या मधोमध मात्र साजिंद्यांची बैठक कायम राहिली पाहिजे.