टॅकल आधी शिकवा, सामने मग भरवा

रग्बीत चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला धरून जमिनीवर आणणे म्हणजे टॅकल. जून २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये भारतीय महिला संघाने सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. पुण्याच्या वाहबिझ भरुचा तेव्हा कर्णधार होत्या. चेंडू विरुद्ध संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि एका ट्रायचे पाच गुण असतात. म्हणजे एक निसटलेला टॅकलही हा निकाल फिरवू शकला असता.

टॅकलचे तंत्र पायांपासून सुरू होते. लहान पावले टाकत हातभर अंतरावर जायचे, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ आणि नजर समोरचीच्या कमरेवर ठेवायची. धडक खांद्याने द्यायची. डोके तिच्या अंगाच्या बाजूला हवे. पुढ्यात राहिले तर तिचा गुडघा थेट डोक्यावर बसतो. मग दोन्ही हातांनी मांड्या आवळून पाय चालते ठेवायचे. खांद्याच्या वर धरणे नियमबाह्य आहे.

दुधनीसारख्या सीमाभागातल्या गावांत मुलींना पकडीची सवय कबड्डीतून होते. ही मोठी पुंजी आहे, पण ती रग्बीत जशीच्या तशी चालत नाही. कबड्डीत चढाईला आलेलीला शिट्टी होईपर्यंत सोडायचे नसते. रग्बीत ती खाली येताच सोडून बाजूला व्हावे लागते. कबड्डीत साखळीतल्या दोघी-तिघी मदतीला येतात. रग्बीत पूर्ण वेगात येणारीला बहुधा एकटीनेच अडवायचे असते.

रग्बीत मेंदूला मार बसण्याच्या बहुतेक घटना टॅकलमध्येच घडतात. स्त्रियांच्या मानेची ताकद पुरुषांपेक्षा सरासरीने कमी असते; त्यामुळे पडताना मान झटकून डोके आपटण्याचा धोका वाढतो. हनुवटी छातीशी घेऊन पडण्याचा सराव आणि मानेचे व्यायाम हे त्यावरचे उपाय. मुलींना हा खेळ झेपणार नाही, असा अर्थ यातून काढणे चुकीचे आहे. अनेक मुली उशिरा रग्बीकडे वळतात आणि नीट पडायला शिकण्याआधीच सामन्यात उतरवल्या जातात. खरा दोष तिथे आहे.

म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, शाळा आणि संघटनांनी क्रम बदलावा. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, शेवटी धावत टॅकल शिकवावा. सराव टणक रानावर न घेता मॅटवर किंवा भुसभुशीत मातीवर घ्यावा. माउथगार्ड सक्तीचे करावे. डोक्याला मार बसल्याची शंका आली, तरी त्या मुलीला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये. एवढी तयारी झाल्याशिवाय मुलींचे सामने भरवू नयेत.

– एक वाचक, दुधनी (ता. अक्कलकोट, जि. सोलापूर)