अर्थशास्त्राची परिषद आणि आपण मराठीवाले

मराठी अर्थशास्त्र परिषदेचे अधिवेशन दरवर्षी भरते. एखादे महाविद्यालय यजमानपद स्वीकारते, अध्यक्षीय भाषण होते, ठरलेल्या विषयांवर निबंध वाचले जातात. 'अर्थसंवाद' हे परिषदेचे त्रैमासिक. साहित्य संमेलनाच्या मांडवाभोवती उडणारा धुरळा येथे उडत नाही, आणि मराठीच्या विभागांना तर या घडामोडीची वार्ताही नसते.

मध्यंतरी मराठीच्याच एका प्राध्यापकमित्राने असा मुद्दा मांडला की, अर्थशास्त्र इंग्रजीत घडते, तेव्हा त्याचा मराठीतील खटाटोप ही निव्वळ भाषाप्रेमाची हौस होय. हेच गृहस्थ ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटण्यात आघाडीवर होते! भाषेचे वय एकदा सिद्ध झाले की तिच्यात विचार करण्याची जबाबदारी संपते, असे त्यांना वाटते की काय?

लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९चे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'मेघदूत' मराठीत आणले आणि अर्थशास्त्राची परिभाषाही मांडली. पहिल्या कामाचा आपण गौरव करतो. दुसरे नेट-सेटच्या टिपणांत एका ओळीपुरते उरते. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात शेतसारा, कर्ज, पाटाचे पाणी यांचा केवढा ऊहापोह आहे. आपण वर्गात त्याची शैली आणि आवेश शिकवतो, पण त्यातला हिशेब समजून घेण्यासाठी अर्थशास्त्र विभागाचा जिना आपल्यापैकी किती जण चढले?

अधिवेशनांत सारे आलबेल असते असे मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये बढतीला गुणांचा हिशेब जोडला, आणि कोणत्याही विषयाच्या परिषदेत निबंधापेक्षा प्रमाणपत्राची ओढ वाढली (आपली चर्चासत्रे याला अपवाद नाहीत, हे प्रांजळपणे मान्य करावे). घाईने निबंध वाचायचा, घंटा वाजली की उतरायचे, आणि वादाला वेळच नाही. त्याहून मोठा दोष भाषेचा. 'सीमान्त उपयोगिता', 'मागणीची लवचिकता' या संज्ञा रुळल्या आहेत; अडचण संज्ञांची नाहीच. त्या संज्ञांमधले वाक्य इंग्रजी वळणाचे राहते. कर्त्याचा पत्ता नसतो, क्रियापद तीन ओळींनंतर भेटते. कर्जमाफीवरचा निबंध कर्जदाराला कळू नये इतका दुर्बोध का असावा?

पण हे वाक्य दुरुस्त करण्याचे काम कोणाचे? गद्याची घडण ओळखणे हा आपला व्यवसाय. आपल्याला कोणी बोलावत नाही, अशी तक्रार मित्राने लगेच केली. 'अर्थसंवाद'चा शेवटचा अंक कधी चाळलास, असे मी विचारले. तो अर्थशास्त्र विभागाच्या कपाटात असतो म्हणाला. त्या कपाटाला कुलूप नसते.