पार्लेकरांनो, बेल वाजवा

रात्री शेजारच्या घरातून आदळआपट ऐकू येते, मग रडणं, आणि मग टीव्हीचा आवाज एकदम मोठा होतो. 'नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा?' म्हणत आपण कूस बदलतो. हे फक्त वस्तीत घडतं, टॉवरमध्ये नाही, अशी समजूत असेल तर ती सोडून द्या. टॉवरमधली दारं जाड असतात, इतकंच.

'उद्या आपल्यावरच केस झाली तर?' ही भीतीही सोडा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या कलम 4 नुसार हिंसा होत असल्याचं कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

तेव्हा आवाज आला की बेल वाजवा. विरजण मागा, पार्सल चुकून इकडे आलंय का विचारा. 2008 साली 'बेल बजाओ' मोहिमेने हेच सांगितलं होतं: कुणीतरी ऐकतंय, हे मारणाऱ्याला कळू द्या. एकट्याने जाऊ नका. जिवावर बेतेल असं वाटलं तर बेलच्या फंदात न पडता थेट 112 लावा.

खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. मार खाणारी शेजारीण एकटी असताना तिला गाठा. "काल ऐकू आलं. तुझी चूक नाही. कधीही ये," एवढं पुरे. 'मुलांकडे बघून सोस' म्हणू नका, आणि 'आत्ताच्या आत्ता घर सोड' असंही नको. घर सोडतानाचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. कधी आणि कसं, ते तिलाच ठरवू द्या. परस्पर नवऱ्याला समजवायला गेलात तर राग तिच्यावरच निघेल. तिच्या फोनवर मेसेज टाकू नका, तो कोण वाचेल सांगता येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर चकार शब्द नको.

लोकमान्य सेवा संघासारखी संस्था 1923 पासून चालवणाऱ्या पार्ल्याला सेवेचं वेगळं सांगायला नको. ज्याला जे येतं ते त्याने द्यावं. बँकेतून निवृत्त झालेल्यांनी तिच्या एकटीच्या नावावर खातं उघडून द्यावं. खात्याला मोबाइल नंबरही तिचाच हवा. आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या यांच्या झेरॉक्स एखाद्या विश्वासू मावशींनी आपल्या कपाटात ठेवाव्यात. मार लागला असेल आणि ती तयार असेल, तर कुणीतरी तिच्यासोबत कूपर रुग्णालयात जावं. तिथे 'जिन्यावरून पडले' असं न सांगता खरं कारण नोंदवलं, तर पुढे तोच कागद पुरावा ठरतो.

समुपदेशन मात्र जाणकारांवर सोपवा. पोलिसांच्या जोडीने काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईतच सुरू केला. 2000 साली 'सेहत' संस्था आणि महापालिकेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा बायकांसाठी 'दिलासा' केंद्र उघडलं. बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि घर तिच्या नावावर नसलं तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क कायद्याने तिला दिला आहे. हे तिला सांगा, बहुतेकींना माहीत नसतं.

महिला मंडळांनी आणि सोसायट्यांनी पुढच्या सभेत दोनच गोष्टी कराव्यात: 112, 103 आणि 181 हे मदतीचे क्रमांक लिफ्टमध्ये लावावेत, आणि एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाला बोलवावं. आठवड्याला दोन तास देऊ शकणाऱ्यांनी आधी त्यांच्याकडून शिकून घ्यावं, मगच कामाला लागावं.

एक लक्षात ठेवा. ती कदाचित त्याच घरात परत जाईल. रागावू नका, 'एवढं केलं आणि शेवटी काय' असं बोलून दाखवू नका. पुन्हा मदत मागायची वेळ आली तर तिला तुमच्याकडे यायची लाज वाटता कामा नये.